नाना, किती यार्ड?

उभ्या जागेवरून सांगता येईल का तुम्हाला, समोरचा विजेचा खांब किती यार्डांवर आहे? मला अजूनही येत नाही. पण मी सात वर्षं अशा माणसांत काढली, की ज्यांचं याच प्रश्नावरून दर रविवारी भांडण व्हायचं, मग चहा व्हायचा, आणि चहानंतर पुन्हा भांडण!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याबाहेर माळावर सहा होलांचं गोल्फ ग्राउंड होतं. ग्राउंड म्हणजे काय, कुसळं आणि दगड. हिरवळ नव्हतीच. वाळूत जुनं ऑइल कालवून चोपलेले गोल, त्यात खड्डा, खड्ड्यात बांबूची काठी आणि काठीला लाल फडकं. रिटायर झालेल्या एका कर्नलसाहेबांनी हौसेनं हे सगळं उभं केलं होतं. मी मॅट्रिक झालेली, घर जवळच, म्हणून तिथलं रजिस्टर आणि चहा माझ्याकडे आला.

त्या दिवसांचा एक फोटोसुद्धा माझ्याजवळ नाही. किस्से मात्र भरपूर आहेत. तेव्हाचं कुणी भेटलं की एखादा निघतो, आणि तो सांगून होईस्तोवर दुसरा आठवतो.

* * *

सगळ्यात जास्त किस्से नानांचे. नाना तोफखान्यातले सुभेदार. पुढच्या टेकडीवर बसून गोळा किती लांब टाकायचा ते मागच्या तोफांना कळवायचं, हे त्यांचं काम. रिटायर होऊन गावी आले आणि आमच्या माळावर तेच काम करू लागले. खेळणारा विचारायचा, "नाना, किती?" नाना मान वर करून वारा अंगावर घ्यायचे आणि सांगायचे, "एकशे तीस. वारा समोरनं हाय, एकशे चाळीसचा मारा."

एकदा पुण्याचे एक पाहुणे आले. भारी बूट, भारी टोपी. नानांनी एकशे पन्नास सांगितलं. पाहुण्यांचा बॉल निम्म्यात पडला. बॉल हातात घेऊन ते म्हणाले, "हा बॉलच खराब आहे."

नाना म्हणाले, "साहेब, मी तोफंत तीस वर्षं काढली. गोळ्याला दोष कवाच दिला न्हाई!"

* * *

असे नाना एकदा चुकले. दिवाळीत सहावा होल जरा मागे सरकवला होता आणि त्या रविवारी नानांनी तब्बल वीस यार्ड कमी सांगितले. पुढच्या रविवारी पुन्हा बरोबर! पण तेवढ्यावरून अंतर मोजायच्या यंत्राचा विषय निघालाच. कर्नलसाहेबांनी कमिटी नेमली. ते स्वतः, वाईचे डॉक्टर, आणि कुंडलचे आप्पासाहेब. आप्पासाहेबांचा ऊस होता, जीप होती आणि आवाज असा, की माळाच्या या टोकाला बोलले तरी त्या टोकाची मेंढरं माना वर करायची.

पहिल्याच मीटिंगला कर्नलसाहेबांनी बजावलं, "एक लक्षात घ्या. मॅचमध्ये यंत्र चालत नाही. रूल आहे. फक्त प्रॅक्टिसला."

"आन् नाना चालत्यात?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"चालतात. नाना माणूस आहेत."

नाना बाजूलाच उभे होते. म्हणाले, "लिहून घ्या ताई रजिस्टरात. घरी दाखवतो!"

* * *

पहिलं यंत्र डॉक्टरांचं. त्यांच्या मेव्हण्यांनी अमेरिकेतून पाठवलेली बोटभर दुर्बीण. डोळ्याला लावायची, आत रेघा दिसतात, झेंड्याची काठी दोन रेघांत बसवायची की आकडा मिळतो.

तिसऱ्या होलला डॉक्टरांनी बघून सांगितलं, "दोनशे दहा."

नाना म्हणाले, "दीडशे."

आप्पासाहेबांनी यंत्राचं ऐकलं आणि जीव खाऊन मारला. बॉल झेंड्यावरून, कुंपणावरून, थेट शेजारच्या शाळूत! तो शेवटपर्यंत सापडला नाही.

डॉक्टरांना राहवेना. त्यांनी माहितीचा कागद काढून पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं, झेंड्याची काठी सात फुटी असावी. मी घरून शिवणाची टेप आणली आणि सगळ्या काठ्या मोजल्या. एक साडेसहा फूट, एक सव्वाचार, तिसऱ्या होलची बरोबर पाच. बांबू मोडला की आमचा माळी मोडकं टोक टोमॅटोच्या वेलाला लावायचा आणि उरलेला पुन्हा खड्ड्यात रोवायचा.

आप्पासाहेब म्हणाले, "आवं डॉक्टर, तुमच्या अमेरिकेत बांबू मोडतच न्हाईत का?"

* * *

दुसरं यंत्र आप्पासाहेबांचं. रस्त्याच्या कंत्राटदाराकडून आणलेलं चाक. लांब दांडा, खाली चाक, वर आकडे फिरतात. ढकलत चालायचं, बस्स. आप्पासाहेब पुढे चाक घेऊन आणि मी मागे वही घेऊन.

दुसरा होल संपेपर्यंत बांधावर चार माणसं उभी. चौथ्या होलला चौदा! शेजारचे संपतराव हातात सातबारा घेऊन पळत आले.

"मोजणी कुणी लावली? आमाला नोटीस न्हाई, काय न्हाई!"

"संपतराव, गोल्फचं मोजतोय," मी म्हणाले.

"ताई, तुमी भल्या हायसा. तुमाला पुढं करून मोजत्यात ह्ये!"

संपतरावांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं बांधावरूनच भांडण होतं. कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्या दिवशी धाकटा कुऱ्हाड टाकून धावत आला आणि थोरल्याच्या शेजारी उभा राहिला. "दादा, तू सही करू नगंस, बाकी मी बघतो!"

चाक त्याच दिवशी परत गेलं. दोघे भाऊ मात्र आमच्याकडे एकाच बाकावर बसून चहा पिऊन गेले.

* * *

या सगळ्यात मी हसत होते, पण नाना दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. मी सकाळी स्टोव्ह पेटवायला जायची, त्याच्याही आधी ते माळावर असायचे. काठी टेकत एका होलवरून दुसऱ्या होलवर एकटेच चालायचे, ओठ हलत असायचे. मला वाटायचं, जप करतात. मी हाक मारायची नाही.

एक दिवस चहा घेताना म्हणाले, "ताई, सरकारनं एकदा रिटायर केलं. आता ही दुर्बीण दुसऱ्यांदा करणार."

"असं कसं होईल नाना?"

"हुईल की. यंत्र आल्यावर मला कोण कशाला इचारंल? सून चांगली हाय माझी, जेवायला येळच्या येळी देती. पर दिसभर घरात बसलेला म्हातारा म्हंजे कपाट. झाडताना हलवावा लागतो."

मी त्यांचा कप पुन्हा भरला.

* * *

तिसरं यंत्र कर्नलसाहेबांच्या भाच्यानं बाहेरून आणलं. हे खरं नव्या जमान्याचं. लेसर! काळं, जड, बटण दाबलं की आत आकडा. ना काठीची उंची, ना चाक. कर्नलसाहेबांनी जाहीर केलं, "रविवारी नाना स्वतः बघतील. नाना बरोबर आहे म्हणाले, तरच घ्यायचं."

रविवारी सकाळी सगळे दुसऱ्या होलच्या सुरुवातीला जमले. मी नानांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "नाना, खराब आहे म्हणून सांगा. विषय संपेल."

नाना माझ्यावर रागावले. "यंत्रानं माजं काय वाकडं केलंय? बरोबर असंल तर बरोबरच सांगणार."

कर्नलसाहेबांनी यंत्र त्यांच्या हातात दिलं आणि बटण कुठं आहे ते बोट धरून दाखवलं. नाना ताठ उभे राहिले, अगदी परेडला राहावं तसे. यंत्र डोळ्याला लावलं, झेंड्याकडे तोंड केलं, बटण दाबलं.

"एकशे त्रेसष्ट," नाना म्हणाले.

मी चहाचा ट्रे घेऊन समोरून येत होते. यंत्राच्या पुढच्या काचेवर काळं झाकण होतं. घट्ट बसवलेलं, काढलेलंच नव्हतं.

डॉक्टरांनीही ते पाहिलं. आप्पासाहेब बोलायला लागले, "आवं नाना, त्येचं..." तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांचा दंड असा धरला, की आप्पासाहेबांचा तो आवाज जागच्या जागी बंद झाला.

कर्नलसाहेबांनी नानांच्या हातातून यंत्र घेतलं. आमच्याकडे पाठ करून झाकण काढलं, खिशात टाकलं आणि झेंड्याकडे पाहिलं. बटण दाबून आकडा वाचला.

"एकशे त्रेसष्ट," ते म्हणाले. "करेक्ट आहे, नाना."

"मग घ्या की साहेब," नाना म्हणाले. "चांगलं यंत्र हाय. मला काय घरी बसायला लागंल तेवढंच."

सकाळी ते जप नव्हे, पावलं मोजत असायचे, हे मला तेव्हा कळलं. चहा ट्रेमध्येच गार झाला. त्या रविवारी दुसऱ्या होलच्या पुढे कुणी खेळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आप्पासाहेबांची जीप नानांच्या दारात आली, वाईचा दवाखाना बंद ठेवून डॉक्टर पुढे बसले, आणि मी नानांना घेऊन मागे बसले. दुपारच्या आत आम्ही मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात पोचलो.