मालनबाईंनी ओळखलेली फियाट

२०१६ चा उन्हाळा. नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं, तरी शहरातल्या गारखेड्यात नव्या इमारती उठतच होत्या. तशाच एका इमारतीखालच्या गाळ्यात मालनबाई गाड्यांच्या सीटा शिवायच्या. बाहत्तरच्या दुष्काळात, चौदा वर्षांच्या असताना, त्या आईबरोबर खडी फोडायला गेल्या होत्या. ते काम संपल्यावर शहरात आल्या आणि हबीब मिस्त्रींच्या कुशनच्या दुकानात झाडलोट करता करता शिलाई शिकल्या. बाईमाणूस मोटारीची सीट शिवतंय म्हणून गिऱ्हाईक बिचकायचं. तेव्हा मिस्त्री म्हणायचे, टाका देखो, हात नको देखो.

मिस्त्री गेले, तशी मालनबाईंनी स्वतःची मशीन मांडली. पण आता नव्या गाड्यांना तयार कव्हरं मिळत होती. दिवसाकाठी एखादी स्कूटरची सीट आली तर आली. सून अमृता म्हणायची, आता बंद करा, आराम करा. मालनबाई ऐकून घ्यायच्या आणि मशीनला तेल घालायच्या.

समोर राहणाऱ्या उमाताई कॉलेजात शिकवायच्या. निवृत्तीला वर्ष उरलेलं, आणि त्यांच्या मनानं घेतलं होतं की जुनी फियाट घ्यायची. वडिलांच्या फियाटवर त्या गाडी शिकल्या होत्या. महिनाभर फोनवर जाहिराती चाळल्यावर एक लालभडक, आरशासारखी चमकणारी गाडी त्यांना आवडली. विसार पाठवण्याआधी सीट कशी वाटते ते विचारावं, म्हणून त्या मालनबाईंकडं आल्या.

मालनबाईंनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठे केले. सीटपर्यंत त्या गेल्याच नाहीत.

"गाडी वली हाय, ताई. समद्या फोटूत वली. असल्या दुष्काळात गाडीवर येवढं पाणी कोण वततं?"

मग त्यांनी समजावून सांगितलं, की ओली गाडी फोटोत एकसारखी चमकते. कुठं नवा रंग मारलाय, कुठं पुट्टी भरलीय, सगळं झाकलं जातं. उमाताईंनी विकणाऱ्याला कोरड्या गाडीचे उन्हातले फोटो मागितले. त्यानं उत्तरच दिलं नाही.

पंधरा दिवसांनी सिल्लोडच्या इंद्रजीतनं जाहिरात टाकली. पांढरी फियाट, अंगावर बोटभर धूळ, फोटो वाकडेतिकडे, खाली लिहिलेलं, "एकाच घरात वापरलेली. सगळं ओरिजिनल." मालनबाईंना ती धूळ बघून बरं वाटलं. त्यांनी आणखी फोटो मागवायला सांगितले: चटई उचलून खालचा पत्रा, दारांच्या बिजागऱ्या, डिकीतली स्टेपनीची जागा, आणि आरसी बुक उघडून इंजिनच्या नंबराशेजारी धरलेलं. तासाभरात सगळे आले. नंबर जुळत होता. पत्रा ठणठणीत, कोरड्या मुलखातल्या गाडीला गंज कमी चढतो, हे मालनबाईंनी आयुष्यभर पाहिलं होतं. उमाताईंचा चेहरा खुलला.

शेवटी पुढच्या सीटचा फोटो आला आणि मालनबाईंचं बोट थांबलं. सीटच्या कडेचा गोट कोपऱ्यावर दुमडून दोन उलट्या टाक्यांनी बांधला होता. आपलं अक्षर ओळखावं तसा त्यांनी तो ओळखला. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ही सीट ओरिजिनल नाय, ताई. म्या शिवलीय."

उमाताईंना वाटलं, म्हणजे हाही माणूस खोटाच. मालनबाई म्हणाल्या की त्याला बिचाऱ्याला माहीत नसंल, जाऊन तर बघू.

रविवारी दोघी सिल्लोडला गेल्या. इंद्रजीत तिशीतला, घरचा कापसाचा व्यापार. गाडी त्याच्या वडिलांची होती आणि त्याला कळायला लागल्यापासून सीट अशीच होती. ती नंतर शिवलेली आहे हे ऐकून तो ओशाळला. मालनबाईंनी पुढची सीट खालून चाचपली. तिथं जुनं काही उरलं नव्हतं. मागची मात्र त्यांनी उलटी करायला लावली आणि तळाची शिलाई उसवली. रेक्झिनच्या आत कंपनीचं राखी कापड जसंच्या तसं होतं. फाटलं नव्हतं, म्हणून मिस्त्रींच्या दुकानात असताना त्यांनी ते न काढता वरून कव्हर चढवलं होतं.

"मागचं कंपनीचं, पुढचं माझं," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही ठरवा."

इंद्रजीतनं तिथंच फोन काढून जाहिरातीतला "सगळं" हा शब्द खोडला. उमाताई गाडी घेऊन कापसाच्या जिनिंग कारखान्यापर्यंत एकट्याच गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे ओले होते आणि व्यवहार ठरला होता. मालनबाई म्हणाल्या, राखी कापड कुठं मिळालं तर पुढची सीटही जुन्यासारखी करून देते.

"नको," उमाताई म्हणाल्या. "पुढचं तुमचंच राहू द्या."

गाडी घरी आल्यावर उमाताईंनी जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि सीट कुणी ओळखली तेही लिहिलं. नाशिकहून, सोलापुरातून सीटांचे फोटो येऊ लागले: ही कंपनीची का, ही कधीची? मालनबाई सांगायच्या, अमृता टाइप करायची. पावसाळा सरता सरता नुसते फोटो नाही, ट्रॅव्हल्सच्या बसनं अख्ख्या सीटा यायला लागल्या. एकटीच्यानं उरकेना, म्हणून गाळ्यात दुसरी मशीन आली. तिच्यावर अमृता बसली. तिची पहिली शिलाई वाकडी गेली. मालनबाईंनी ती उसवायला लावली आणि पुन्हा शिवायला बसवलं.