धडधाकट मुलींना विचारा

माझ्या वहिनी नर्सिंग कॉलेजात साथरोगशास्त्र शिकवतात. मी त्यांचा धाकटा दीर, तिथेच कॅमेरा आणि माइक सांभाळतो. म्हणजे घरीही त्यांचं ऐकायचं आणि कामावरही. वीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, एकदा धरलेलं सोडत नाही.

निम्मा वर्ग बाकांवर असतो, निम्मा पडद्यावर. पडद्यावरच्या अकरा जणी लांबच्या आरोग्य केंद्रांत नोकरी करून शिकतात. प्राचार्यांना हे शिक्षण मुळीच पटत नसे. "आजचं प्रात्यक्षिक जमलं नाही, तर ही बॅच बंद," असं तोंडावर सांगून ते शेवटच्या बाकावर बसले.

प्रात्यक्षिक खऱ्या घटनेवरच होतं. पडद्यावरच्या एका सिस्टरच्या केंद्राशेजारी मुलींचं वसतिगृह आहे. तिथल्या चोवीस मुलींना सकाळपासून उलट्या होत होत्या. या सिस्टरला आम्ही घाईबाई म्हणतो, कारण प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार असतं. औषधपाणी करता करता तिने प्रत्येकीला काय खाल्लं, काय प्यायलं ते विचारलं होतं.

"दूध बावीस जणींनी घेतलं. टाकीचं पाणी मात्र चोवीसच्या चोवीस जणी प्यायल्या. म्हणजे दोष टाकीचा. मी टाकी बंद करायला सांगितलंय."

प्राचार्यांनी मान डोलावली. सुटलो एकदाचे, मी मनात म्हटलं.

"आणि ज्या आजारी पडल्या नाहीत, त्या काय प्यायल्या?" वहिनींनी विचारलं.

घाईबाई म्हणाली, "धडधाकट मुलींकडे मी कशाला जाऊ, मॅडम? आमचे पाय आजाऱ्याकडेच वळतात."

"म्हणूनच हे उत्तर अर्धं आहे."

मला वहिनींचा भयंकर राग आला. सगळं जमत आलेलं असताना स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची काय गरज होती? माइक बंद करायला मी हात पुढे केला.

"भावोजी, हात मागे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मग पडद्याला म्हणाल्या, "फोन घेऊन आत्ता तिकडे जा. आम्ही थांबतो."

प्राचार्य घड्याळ बघत बसले. वहिनींनी फळ्यावर रकाने आखले. घाईबाई खोल्याखोल्यांतून तीस धडधाकट मुलींना विचारत फिरली आणि बाकांवरच्या मुली ते ऐकून फळ्यावर रेघा ओढत गेल्या. टाकीचं पाणी तीसही जणी प्यायल्या होत्या. दूध घेतलं होतं फक्त तिघींनी.

"टाकी नाही, दूध," म्हणत घाईबाई स्वयंपाकघराकडे पळाली. उरलेलं दूध संध्याकाळसाठी गॅसवर चढलं होतं. तिने गॅस बंद केला आणि आचाऱ्याला त्या पातेल्याला हात लावू दिला नाही.

"हुशार आहे," प्राचार्य म्हणाले. "हिला इकडे वर्गातच का बोलावत नाही?"

"ती इथे असती, तर आज तिथे कोण असतं, सर?"

प्राचार्य घड्याळ बघत उठले. बॅच मात्र आजही चालू आहे.