सोन्याच्या नजरेनं घेतलेली पिकअप

मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे जुनी डिझेल पिकअप पारखून आणायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं.

चालवणार होती आमची शालन, म्हणजे माझी बायको. मी तीस वर्षं तिकडं दक्षिणेत गलाईच्या दुकानात लोकांचं सोनं वितळवत बसलो होतो (आमच्या विट्याकडच्या कितीतरी घरांचा हाच धंदा), आणि इकडं ही ट्रॅक्टर शिकली, जीप शिकली, दोन पोरींची लग्नं उरकली आणि कांदा-लसूण मसाला करून आठवडी बाजारात विकायला लागली. मी दिवाळीला यायचो, लाडू खायचो आणि जायचो! कायमचा परत आलो तेव्हा घरात माझ्यासाठी एकसुद्धा काम शिल्लक नव्हतं. दारात येणारा माणूस माझ्याकडं बघून विचारायचा, "घरात कोण हाय का?"

अशात साताऱ्याच्या एका दुकानदारानं शालनला पहिली मोठी ऑर्डर दिली. शनिवारी दुपारच्या आत माल पोचला तर दर महिन्याला माल घेणार, नाही पोचला तर राम राम. भाड्याच्या टेंपोवाल्यानं तिला आधी दोनदा तोंडघशी पाडलं होतं. म्हणून आता स्वतःची गाडी. कराडजवळच्या एका गावात एक निवृत्त सुभेदार आपली पिकअप विकतायत, असं कळलं.

"मी जाऊन बघून येती," शालन म्हणाली.

"आणि मिरच्या कोण भाजणार? मी जातो."

"आवं, गाडीचं इंजिन कुठल्या अंगाला असतंय ते तरी ठावं हाय का तुमाला?"

"तीस वर्षं लोकांनी डोळे झाकून माझ्या हातात सोनं दिलंय! लोखंडाची काय कथा?"

ती हसली. पण मग माझ्या तोंडाकडं बघून हळूच म्हणाली, "बरं, जावा." खरं सांगतो, त्या 'जावा'नं मला इतका आनंद झाला की मी चप्पल उलटसुलट घालून निघालो. तीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या उपयोगी पडणार होतो.

सोबत दस्तगीरभाई मिस्त्रींना घेतलं. विट्यात त्यांचं गॅरेज आहे आणि डिझेल इंजिनातलं त्यांना सगळं कळतं. शुक्रवारी सकाळी आम्ही सुभेदारांच्या अंगणात हजर! पिकअप पांढरीशुभ्र, धुतलेली. शेजारी सुभेदार, मिशीसकट इस्त्री केलेले. त्यांनी आधी चहा पाजला, मग एक वही पुढं ठेवली. गाडीचं ऑइल कधी बदललं, कुठला नट कधी आवळला, सगळं त्यात लिहिलेलं. एवढं तर माझ्या आईनं माझं पण केलं नसेल.

दस्तगीरभाईंनी बॉनेट उघडून इंजिनवर हात ठेवला. "थंडगार हाय, शेठ. गिऱ्हाईक येणार म्हणून तापवून ठिवलेलं न्हाई. माणूस खरा हाय." मग चावी फिरवली. इंजिन पहिल्या हाकेला ओ देऊन सुरू झालं. धूर बघितला, काळा नाही, निळा नाही. ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरला, वास घेतला आणि म्हणाले, "डोळं झाकून घ्या."

आता, 'डोळे झाकून घ्या' म्हटलं की गलाईवाल्याचे डोळे टक्क उघडतात! आमच्या धंद्यात वरच्या चमकीला काडीची किंमत नाही. वितळवल्याशिवाय कस कळत नाही.

"खोला," मी म्हणालो.

"काय खोलू?"

"इंजिन. आतनं बघायचंय."

दस्तगीरभाईंनी कपाळाला हात लावला. "शेठ, न खोलता कळतंय की वं सगळं!"

सुभेदारांची मिशी थरथरली. "शेठ, गाडी हाय ही, पाटल्या न्हाईत." पण मग ताडकन उठून त्यांनी स्वतःच पान्यांची पेटी आणली. "खोला! माझ्या गाडीत झाकून ठिवण्यासारखं काय बी न्हाई."

झालं! धडधाकट इंजिनाचं वरचं डोकं उतरवलं. बोल्ट निघतील तसे पोत्यावर मांडायचे आणि राखण करायची हे माझं काम. (गलाईच्या दुकानात आम्ही फरशीवरची धूळसुद्धा झाडून गाळतो. कण हरवणं म्हणजे पाप!) मी पोत्यापुढं मांडी घालून बसलो. तेवढ्यात सुभेदारांच्या कोंबड्या आल्या आणि एका तांबडीनं पोत्यावरच्या बोल्टाला चोच मारली! मी झडप घालून बोल्ट सोडवला, कोंबडीला हाकललं. आतून सुभेदारांच्या मालकिणीनं हाक दिली, "भाकरी वाढलीया, चला!" आणि आम्ही हात धुऊन जेवायला बसलो.

इंजिन आतून चकाचक निघालं. दस्तगीरभाईंनी माझ्या खर्चानं कराडहून नवं पॅकिंग आणून सगळं पुन्हा जोडलं. शेवटी थबकले. "सायलेन्सरच्या पट्टीला एक बोल्ट कमी पडतोय. हिकडं तिकडं गेला का वं?"

"माझ्यासमोरून?" मी छातीवर हात मारला. "दस्तगीरभाई, तीस वर्षांत माझ्या हातून एक कण इकडचा तिकडं झाला नाही!"

"मग मुळातच नसंल," ते म्हणाले. व्यवहार झाला. निघताना सुभेदार गाडीच्या दारावर थोपटत नुसते उभे राहिले. मला जरा वाईट वाटलं.

ते वाईट वाटणं विट्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत टिकलं. कारण तिथं गाडीखालून आवाज यायला लागला. टक टक टक टक!

दस्तगीरभाईंनी गाडी थांबवून वाकून बघितलं. "काय न्हाई, त्या बोल्टाबिगर पट्टी हालतीया. उद्या बसवतो की."

पण माझं डोकं तोवर तापलं होतं. ज्यानं एक बोल्ट खाल्ला त्यानं आणखी काय काय खाल्लं असेल! आणि उद्या शालनची ऑर्डर! मी तिथंच रस्त्याच्या कडेला उभं राहून सुभेदारांना फोन लावला. "सुभेदार, तुम्ही मला फसवलंत! गाडीला बोल्ट कमी आहे!"

पलीकडून एवढंच ऐकू आलं, "माझ्या गाडीला? बोल्ट कमी?" आणि फोन बंद झाला.

घरी आल्यावर मी हे शालनला मोठ्या फुशारकीनं सांगितलं. ती मिरचीचे हात तसेच धरून माझ्याकडं बघत राहिली. "ज्या माणसानं भाकरी खायला घातली त्याला असं बोलून आलासा?" मी बंडी काढून खुंटीला अडकवली आणि मुकाट्यानं झोपलो.

शनिवारी सकाळी चहा उकळत होता तोच दारात मोटारसायकल थांबली. सुभेदार! कराडपासून आले होते, हातात त्यांची वही. कुणाशी न बोलता ते अंगावरच्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरले. दस्तगीरभाईही आले होते, तेही शिरले. बाहेर चार पाय आणि आतून भांडण.

"मिस्त्री, तुमी हरवला!"

"अल्लाची आण, मी न्हाई!"

"वहीत लिवलंय, ह्या पट्टीला दोन बोल्ट! मी सोता आवळल्यात!" सुभेदारांनी गाडीखालून डोकं बाहेर काढून माझ्याकडं बघितलं. "गाडी जाऊ द्या, शेठ. पर फसवलं म्हणालासा. रातभर डोळा लागला न्हाई."

माल भरायचा होता, ऊन चढत होतं, आणि मी मध्ये उभा राहून न्यायाधीशासारखी मान हलवत होतो. तेवढ्यात शालन आतून आली. एका हातात धुवायला काढलेली माझी बंडी, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

इथं एक सांगायला हवं. गलाईवाल्याच्या बंडीला आतून चोरखिसा असतो. सापडलेला बारीक तुकडा आधी तिथं टाकायचा, मग दुसरं काम. हाताला अशी सवय लागते की डोक्याला पत्ता लागत नाही. आणि दर दिवाळीला मी घरी आलो की शालनसाठी आणलेली वस्तू त्याच खिशात असायची. त्यामुळे माझी बंडी हातात आली की तो खिसा चाचपायचा, ही तिची सवय.

तिनं मूठ उघडली. "दरसाली सोनं आणायचासा. औंदा लोखंड आणलंसा व्हय?"

तळहातावर बोल्ट! कोंबडीच्या चोचीतून सोडवलेला!

दस्तगीरभाई गाडीखालीच लोळून हसायला लागले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी सुभेदारांपुढं दोन्ही हात जोडले. "चुकलो, सुभेदार. तीस वर्षं लोकांच्या सोन्यातला कण घेतला नाही म्हणून मिरवतोय. जन्मात पहिली चोरी केली ती स्वतःच्याच गाडीची, आणि आळ घेतला तुमच्यावर!"

सुभेदारांनी बोल्ट घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा आपल्या कोऱ्या शर्टानं पुसला आणि मिशीतल्या मिशीत हसले. "शेठ, इंजिनाआधी बंडी खोलायची हुती." मग खाली शिरून स्वतःच्या हातानं तो आवळला. टक टक बंद!

"दादा, साताऱ्याची वाट दावायला येता का?" शालननं विचारलं. ते पुढं बसले, ती चालवायला बसली, आणि मी मागं, मसाल्याच्या पोत्यांवर. साताऱ्यापर्यंत शिंकत गेलो. पण माल वेळेत पोचला. दुकानदारानं पुढच्या महिन्याची ऑर्डर दिली तेव्हा तिनं आधी मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी नाक पुसत होतो. डोळेही पुसले, मसाल्याचं निमित्त आयतंच होतं.

आता गाडी काढायच्या आधी शालन रोज ऑइल बघते, पाणी बघते, टायरची हवा बघते, आणि शेवटी माझ्यासमोर येऊन म्हणते, "खिसा दावा." मीही निमूट दाखवतो.

परवा मी त्यात मुद्दाम एक सोन्याची चमकी ठेवली. तीस वर्षांतलं जे बोलायचं राहिलं ते आता कुठल्या तोंडानं बोलणार, म्हणून. तिच्या बोटाला ती लागली. तिनं ती उजेडात धरली, बराच वेळ बघितली, पदरानं डोळे टिपले आणि नाकात घालता घालताच फोन लावला.

"दादा, शालन बोलतीया विट्यास्नं. जरा वही बगा की. तुमच्या गाडीतलं बारीक, पिवळं काय कमी झालंय का?"