फटफटीचं तिसरं कुलूप

आमच्याकडे फटफटी आली ती गोवा मुक्त झाल्यानंतरच्या वर्षी. हे वेंगुर्ल्याला एका काजूच्या कारखान्यात होते आणि खरेदीसाठी त्यांना गावोगाव हिंडावं लागे. म्हापशातल्या एका म्हाताऱ्याकडून त्यांनी ती जुनी गाडी घेतली. म्हाताऱ्याचा मुलगा पोर्तुगालला निघून गेला होता आणि गाडी मागे पडून होती. तिच्याबरोबर एका कडीत अडकवलेल्या पाच किल्ल्या मिळाल्या. कुठली कशाची, ते म्हाताऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

रविवारी घरासमोरच्या खळ्यात बसून ह्यांनी एकेक किल्ली लावून पाहिली. लागलेल्या किल्लीला मी दोरा बांधत होते. दिव्यावरच्या स्विचच्या किल्लीला लाल, हँडलच्या कुलपाच्या किल्लीला पांढरा. उरलेल्यांपैकी एकही सीटखालच्या पत्र्याच्या पेटीला लागेना. एक आत जायची, पण फिरायची नाही. ह्यांनी चिडून गाडी कलती केली, तेव्हा पेटीत काहीतरी सरकलं आणि पत्र्यावर आपटलं. आवाज जड होता.

"नट आवळूचो पानो असतलो," हे म्हणाले.

"इतको जड?" सासूबाई पडवीतून म्हणाल्या. "बॉम्ब-बिम्ब नाय मा रे? थंय गोव्यात सोल्जर होते."

हे हसले. मला हसू आलं नाही. गोव्यातून चोरून आणलेल्या सोन्याच्या गोष्टी तेव्हा घरोघरी चालत. आमच्याच वाडीतल्या एकाला त्यापायी पोलिसांनी नेलं होतं. परत आल्यावर तो कोणाच्याच नजरेला नजर देईना. त्या पेटीत सोनं निघालं तर आमचं कोण ऐकणार? आणि सासूबाई म्हणतात तसं काही असलं तर? रोज सकाळी हे गाडी सुरू करत तेव्हा मी चुलीपाशी डोळे मिटून बसे. आवाज वळणापलीकडे गेला की मगच ते उघडे.

"फोडून टाका ती पेटी," मी म्हणायची.

"बगूया गो, सवड गावली की," हे म्हणायचे. सवड काही मिळत नव्हती. महिना उलटला.

शेवटी एका दुपारी, हे जेवून आडवे झाले असताना, मी कोंबडीचं पीस रॉकेलात बुडवून त्या कुलपात घातलं. खाऱ्या वाऱ्यानं आत गंज धरला असणार असं मला वाटत होतं. दोन-तीन दुपारी असंच केलं. मग ती आत जाणारी किल्ली घालून जोर लावला आणि ती फिरली.

झाकण उघडायला माझा हात होईना. उघडलं तेव्हा आत तेलकट फडकं दिसलं. फडक्याचं टोक मी बोटानं बाजूला केलं. पिस्तूल होतं.

"काय गो झाला?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं. मी ह्यांना हलवून उठवलं आणि हाताला धरून खळ्यात आणलं.

"आता काय करुचा?" मी विचारलं.

"खाडीत टाकतंय आणि येतंय."

"आणि कोणी बघल्यान तर?"

ह्यांनी शर्ट अडकवला. "पोलिसांत नेऊन देतंय."

"मी पण येतंय. माका घरात बसवचा नाय."

पिस्तुलाला हात लावायची आमची दोघांचीही छाती नव्हती, म्हणून ते पेटीतच ठेवून निघालो. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसले होते आणि ते नेमके त्या पेटीपाशी होते. रस्ता जांभ्याचा, सगळा खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला आत ठक्क व्हायचं आणि मी ह्यांचा खांदा आवळायची. हळू चालवा म्हणायचंही भान नव्हतं. वाटेत ओळखीच्या बाईनं हाक मारली, "खंय गो चल्लंस?" मी नुसता हात हलवला.

फौजदार कचेरीतच होते. त्यांनी पिस्तूल उघडून आतल्या गोळ्या टेबलावर काढल्या. ते भरलेलं होतं.

"पेटी कोणी उघडली?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"गाडी कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"महिना झाला," हे म्हणाले.

"आणि महिनाभर आत काय आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कुलूप उघडत नव्हतं, साहेब."

"आज बरं उघडलं!"

ह्यांना आत नेलं. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. आतून कधी फौजदारांचा चढलेला आवाज यायचा, ह्यांचा मात्र ऐकूच यायचा नाही, आणि तेच मला सहन होत नव्हतं. आता ह्यांना सोडत नाहीत, सासूबाईंना जाऊन काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं. दिवेलागणीला हे बाहेर आले. गाडी तिथेच ठेवून घेतली होती. आम्ही चालत घरी आलो. घरी सासूबाईंनी चहा दिला, तो ह्यांनी उभ्याउभ्याच संपवला.

पुढे म्हापशाच्या म्हाताऱ्याची चौकशी झाली. मुलगा जुन्या पोर्तुगीज सरकारच्या पोलिसांत होता आणि घाईनं निघताना पिस्तूल तसंच राहिलं होतं. ह्यांना चार-पाच वेळा जबाबाला बोलावलं, तेवढं सोडून आम्हाला त्रास झाला नाही. पाऊस सरल्यावर गाडी मिळाली. तरी खाकी कपड्यातला पोस्टमन खळ्याच्या दगडी गडग्यापाशी दिसला, की बरेच दिवस माझ्या हातातलं काम थांबे.

एकदा मी ह्यांना विचारलं, "त्या दिवशी तुमका भय नाय वाटला?"

"वाटला तर!" हे म्हणाले. "तू भायर बसलंस ह्या म्हायत होता, म्हणान तोंडातसून शब्द तरी फुटलो."