मी नाकारलेले पोहे

त्या गुरुवारी देव माझ्यावर रुसलाय असं वाटलं नाही. तो नाहीच, असं वाटलं. पायाच्या चिघळलेल्या जखमेपायी मी आमच्या भागातल्या एका हॉस्पिटलात पडून होते. त्याच आवारात माझी नात मीनल फिजिशियन असिस्टंटचं शिकत होती. म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली राहून रोग्याला विचारायचं, तपासायचं आणि सगळं नीट लिहायचं.

आधी माझ्या भक्तीचं सांगते. लग्न होऊन कामरगावात आले तेव्हा सासूबाई दत्ताचा गुरुवार धरत आणि दिवसभर साबुदाणा खात. मी अठरा वर्षांची दीडशहाणी! त्यांच्या नाकावर टिच्चून दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंबही घेईना. "सून लय कडक उपास करते व," असं बायका म्हणायच्या. दत्तापर्यंत त्यातलं काय पोचलं ते तोच जाणे, माझं पोट मात्र त्या वाहवेनं भरायचं. पुढे साखरेचा आजार जडला, तरी हट्ट सुटला नाही. गोळीपुरता एक घोट देवाला चालतो, हा कायदाही मीच केलेला.

त्या सकाळी साखर उतरवणारी गोळी गिळली आणि नाश्त्याचे पोहे शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईला दिले. ती अनसिंगकडची चुड्या, म्हणजे बांगड्या, विकणारी रजिया, आजारी बहिणीसोबत आलेली. मीनल कागद घेऊन आली.

"आजी, नाश्ता केला काय?"

"केला तं! मागून घेतला."

तिनं लिहून घेतलं. आजीवर संशय कोण घेतं?

अकराच्या सुमारास हात थरथरू लागले, घामानं पातळ भिजलं, एका पंख्याचे दोन दिसू लागले. मी दात आणि मूठ आवळून पडले. रजिया ओरडली, "सिस्टर, यायनं काही खाल्लं नाही! यायचे पोहे म्या खाल्ले!" चहाची साखर पाण्यात कालवून तिनं पेला माझ्या ओठांशी आणला. मी मान फिरवली. तिनं माझी मूठ हातात घेतली, चुड्या भरताना घेतात तशी.

"माय, हात ढिला सोडा. आवळला तं चुडीबी फुटते अन् हातबी कापते."

तोंड आपोआप उघडलं.

डॉक्टर आले. "नाश्ता घेतला, हे कोणी लिहिलं?"

"मी, सर."

"पेशंटला विचारलं तरी होतं का?"

मीनलनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी तोंड भिंतीकडे वळवलं. पन्नास वर्षांच्या कडक उपासापायी नातीशी खोटं बोलले, हे साऱ्या वॉर्डासमोर कसं सांगू? डॉक्टर तिला म्हणाले, "उद्यापासून वॉर्डात येऊ नकोस."

दुपारी पोरगी खाटेशी बसली. डोळे सुजलेले. "आजी, मी घरी चालली. हे काम मले जमणार नाही. आज तू गेली असती माह्या हातानं."

माझ्या खोटेपणाबद्दल एक अक्षर नाही. ती गेल्यावर मी डोळे मिटून दत्ताला शोधलं. आत कोणी नव्हतं, पोह्यांची बशी तेवढी दिसत होती. इतकं रितं मला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी रजियाच्या बहिणीला घरी सोडलं. जाताना रजियानं पुन्हा माझा हात दाबून पाहिला. "अजून आवळलेलाच हाय, माय." एवढंच बोलून ती निघाली.

डॉक्टरांची फेरी आली तेव्हा मी उठून बसले. "सायेब, पोरीनं इचारलं होतं. म्याच खोटं सांगितलं." डॉक्टर म्हणाले, "तरी तिनं ताट पाहायला हवं होतं." पण त्यांनी तिला परत बोलावलं. आता ती आधी ताट पाहते, मग विचारते.

दत्त फकिराच्या वेशात येतो म्हणतात. रजिया कोण होती, हे मी ठरवत नाही. बाई अनसिंगच्या बाजारात चुड्या विकत असेल. माझ्यासाठी ती वेळेवर आली, त्याचं ऋण मोठं आहे. पायाचं एक बोट गेलं, जखम अजून ओलीच आहे. रोज बरं वाटतं, असं खोटं आता सांगवत नाही.

गुरुवारी सकाळी मीनलचा व्हिडिओ कॉल येतो. "आजी, ताट दाखव." मी पोहे दाखवते. "आता खाऊन दाखव." मग मी दत्ताला हात जोडते, जोडलेले हात ढिले सोडते आणि पहिला घास घेते.