डावीकडचं टोक

खंडेनवमीनंतरचा दुसरा रविवार. रंधा मारायच्या यंत्रासाठी नव्या पात्यांची जोडी, एक हजार आठशे पन्नास रुपये. हजर दोघंच, मी आणि बायको. जागा राजाजीनगरच्या आमच्या घराची मागची गच्ची, जिथे तिचं सुतारकाम चालतं.

यंत्र जुनं, नुकतंच घेतलेलं. एका कारखानदाराने धंदा बंद केला होता, पण आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आधी अवजार घराबाहेर काढायचं नाही म्हणून तो थांबला. पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी यंत्र आमच्याकडे आलं. पाती बोथट आहेत हे त्याने आधीच सांगितलं होतं. पंधरवड्यात नको वाटलं तर परत घेईन, असंही सांगितलं होतं.

बायकोने बँकेतली नोकरी वेळेआधी सोडली ती या कामासाठीच. पाट, चौरंग, पोळपाट करायची, सगळं हातरंध्याने. जूनमध्ये तिच्या उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी हातरंधा कायमचा बंद केला. यंत्रावर फळी नुसती पुढे सरकवायची असते, तेवढं चालेल म्हणाले.

"हे जमलं नाही तर सगळं विकून टाकू," ती म्हणाली होती. चिडून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. पण भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली.

मी दमलेला होतो. जूनपासून सरकारी लॅबमधली नोकरी, स्वयंपाक, भांडी आणि तिची वेणी माझ्याकडे होती. वेणी अजूनही सैल पडत होती. विकून टाकू म्हटल्यावर क्षणभर मला सुटल्यासारखं झालं, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

यंत्र समजायला सोपं आहे. लोखंडी टेबलाचे दोन भाग, मधल्या फटीत आडवा फिरणारा रोलर. रोलरला दोन खाचा, प्रत्येक खाचेत एक लांब पातं, आणि ते दाबून धरायला चार बोल्ट. पात्याची धार मागच्या टेबलाच्या अगदी बरोबरीने हवी. वर राहिली तर फळीच्या शेवटी खळगा पडतो, खाली राहिली तर फळी टेबलाला अडते. तपासायची रीत अशी, की मागच्या टेबलावर एक सरळ लाकडी पट्टी ठेवायची, तिचं पुढचं टोक रोलरवर येऊ द्यायचं आणि रोलर हाताने फिरवायचा. धार पट्टीला किंचित उचलून पुढे नेते. तीन मिलिमीटर नेली की पातं बरोबर बसलं.

प्लग काढून मी समोर खुर्चीवर ठेवला, दिसत राहील असा. पहिलं पातं बसवलं. डावीकडे तीन, मध्ये तीन, उजवीकडे तीन. बोल्ट आवळले आणि पुन्हा मोजलं. उजवीकडे तीन, डावीकडे सात.

सैल केलं, बसवलं, आवळलं. पुन्हा सात.

बोल्ट आवळण्याचा क्रम बदलून पाहिला. आधी मधले, मग कडेचे. मग उलट. मग थोडे थोडे, आळीपाळीने. डावं टोक दर वेळी वर येत होतं. कंबर दुखायला लागली. बायको स्टुलावर बसून पाहत होती, उजवा हात मांडीवर.

"तुमच्या लॅबमध्ये एक बोल्ट पिळायला किती दिवस लागतात हो?"

"मंजुरी आली की पाच मिनिटं."

"मग मंजुरी दिली मी."

दुपारी जेवण उरकून पुन्हा लागलो. दुसरं पातं त्याच्या खाचेत पहिल्या फटक्यात बसलं, म्हणजे रीत चुकत नव्हती. पहिलं मात्र तसंच. शेवटी तीच म्हणाली, "फोन करा त्यांना. घेऊन जा म्हणावं."

"अजून एकदा बघतो."

"अहो, किती वेळा बघाल? तुमचा चेहरा बघा आधी."

मी कारखानदाराला फोन केला. "सर, मेरे पास तो मस्त चलता था," तो म्हणाला. मी आकडे सांगितले. आकडे ऐकून तो कंटाळला असावा. "सरी, सर," म्हणजे ठीक आहे, "चार बजे टेम्पो भेजता हूँ."

परत द्यायचं तर नवी पाती काढून ठेवायला हवीत. मी बोल्ट सोडवले. तिने डाव्या हाताने पातं उचलून वर्तमानपत्रावर पालथं ठेवलं आणि तशीच बघत राहिली. पात्याच्या पाठीला एका टोकाशी गुलाबी डाग होता.

तिने खाचेत नख घातलं. "अहो, हे कुंकू आहे."

दर आयुधपूजेला कारखान्यात रोलरच्या त्याच खाचेच्या डाव्या टोकाला गंध आणि कुंकू लावलेलं. तिथे हात सहज पोचतो. पाणी खाचेत उतरलेलं, त्यात भुसा बसलेला, आणि वर्षानुवर्षं वाळून त्याचा दगड झालेला. नवं पातं त्या थरावर टेकत होतं, आणि बोल्ट आवळला की वर सरकत होतं. जुनी पाती बहुधा त्या थरासकट घासून जुळवलेली होती, म्हणून त्याच्याकडे मस्त चालत होतं.

मी घासलेटचं फडकं आणायला उठलो.

"थांबा. ते फडक्याने पुसून कचऱ्यात टाकायचं का?"

"मग काय करायचं? पूजा आपण केलेली नाही."

"यंत्र दुसऱ्याचं असलं तरी कुंकू कुंकूच."

तिने उदबत्तीची काडी घेतली आणि डाव्या हाताने सगळं कागदावर खरवडून काढलं. फार हळू. मी रोलर धरून उभा राहिलो. पुडी तिने अनंताच्या कुंडीत रिकामी केली. मग घासलेटला परवानगी मिळाली.

पातं बसवलं, आवळलं. डावीकडे तीन, मध्ये तीन, उजवीकडे तीन. मी परत मोजलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता. तीनच.

फणसाची एक फळी बाजूला होती. तिने फळी ढकलायचा दट्ट्या डाव्या हातात घेतला, उजवा तळवा नुसता फळीवर टेकवला. "लावा प्लग." फळी रोलरवरून गेली, मागच्या टेबलावर उतरली. तिने उलटी करून शेवटचं टोक बोटांनी चाचपलं. मग डोळे मिटून पुन्हा चाचपलं.

"मनगट?" मी विचारलं.

"दुखलं नाही. दुसरी द्या."

दुसरी फळी अर्ध्यावर असताना खाली हॉर्न वाजला. तिने मान वर केली नाही. "त्याला सांगा, न्यायचं काही नाही."

मी खाली गेलो. टेम्पोवाला यशवंतपूरहून आलेला, एकटाच. "लोड इल्ला?" माल नाही का, असं त्याने कानडीत विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने गाडीच्या रिकाम्या हौद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. येण्याचं भाडं चारशे. घासाघीस करायची माझ्यात ताकद नव्हती, आणि त्याची चूकही नव्हती. चारशे रुपये टेम्पोवाल्याला दिले.