आत्याच्या हातांची तपासणी

कुजण्यासडण्याला इतका जीव लावणारा माणूस भीमाकाठी दुसरा झाला नसेल, असे आमच्या साडूंबद्दल माझे ठाम मत आहे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पिकांच्या कुजीचे जिवाणू शोधणे ही त्यांची नोकरी. पण सुट्टीतही ते वेड सुटत नसे. दौंडला एका लग्नात पंगतीमागे पडलेले लिबलिबीत वांगे त्यांनी आहेरातल्या कोऱ्या रुमालात बांधून घेतले होते. आमच्या फ्रिजमध्ये लोण्याशेजारी त्यांच्या कुप्या असत. बायको कुरकुरली, की "झाकण लावलंय," एवढेच म्हणत.

वडगाव रासाईला माझ्या चुलत्यांच्या चाळीत साठवणीला ठेवलेला कांदा दरवर्षी आतून पाणी होई. बोल लागे तो त्यांच्याकडे राहणाऱ्या माझ्या विधवा आत्याला. तिची नजर वाईट म्हणत. तिलाही ते पटले होते; चाळीवरून जाताना ती पदर डोळ्यांवर ओढून घेई.

साडू आले ते भर दुपारी. वारा पडलेला. चाळीत माणूस नव्हते, तरी आत काहीतरी थेंबथेंब गळत होते आणि ढीग मधूनच आपोआप खचत होता. साडूंनी त्याला कान लावला आणि प्रसन्न हसले. मग त्यांनी कांद्याचे, मातीचे आणि मागच्या विहिरीच्या पाण्याचे नमुने घेतले. त्या विहिरीत माझ्या चुलतीने जीव दिला होता. तेव्हापासून ते पाणी कुणी पीत नसे. कांद्याला देत, आणि सडका मालही विहिरीतच लोटत. शेवटी साडूंनी आत्याचे तळवे कापसाने पुसून घेतले.

"हातात काय घावणार?" चुलते म्हणाले.

"नजरेचा नमुना घेता येत न्हाई, आबा. हाताचा येतो."

काही आठवड्यांनी ते परत आले. कांद्यातल्या आणि विहिरीतल्या जिवाणूंचा डीएनए जुळला होता. "आत्याबाई, तुमच्या हातावर त्यातलं काही न्हाई. रोग हिरीत हाय."

चुलते खाली बघत पुटपुटले, "म्हंजी तीच. हिरीतली."

सडका माल विहिरीत आणि तेच पाणी पिकाला, हे साडूंनी परोपरीने समजावले. कुणी ऐकत नव्हते. आत्या मात्र उठली, पदर मागे सारून चाळीत शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

चुलतीच्या धास्तीने का होईना, विहीर बुजवली, कांदा टिकू लागला. आत्या पुढे हयात असेतोवर तिन्हीसांजेला त्या बुजवलेल्या जागेशी जाऊन बसे. "समदं तुमच्यावर आलं, वैनी," असे हलक्या आवाजात सांगत राही. मुक्कामाला आले, की साडूही मागोमाग जात, आणि तिचे बोलणे संपेपर्यंत जरा लांब, चपला काढून उभे राहत.